व्होटर कार्ड पर्समध्ये, नाव कुठे?

मतदानाच्या दिवशी मतदारांना यादीतला अनुक्रमांक शोधून द्यायचं काम मी गेल्या काही निवडणुकांत करते आहे. दुपारी बाराच्या आसपास एक बाई येतातच. दर वेळी वेगळ्या असतात, पण बोलणं तेच असतं. रांगेत तासभर उभं राहून आत गेलेल्या असतात आणि तशाच परत आलेल्या असतात. पर्समधून प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं व्होटर कार्ड काढून माझ्यापुढे धरतात. "ताई, आत म्हणतात तुमचं नाव नाही. कार्ड आहे की माझ्याकडे! मागच्या वेळी दिलं होतं मी मत."

त्यांना काय सांगायचं, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही, कारण त्या दिवशी त्यांच्यासाठी कुणालाच काही करता येत नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं ६२वं कलम सांगतं की ज्याचं नाव त्या मतदारसंघाच्या यादीत आहे त्याला मत देता येईल आणि ज्याचं नाही त्याला येणार नाही. त्यात कार्डाचा उल्लेखही नाही. कार्ड फक्त सांगतं की यादीतलं ते माणूस मीच. यादीतच नाव नसेल तर कार्ड काय सिद्ध करणार?

उलटंही खरं आहे, आणि तेही अनेकांना ठाऊक नसतं. नाव यादीत आहे आणि कार्ड हरवलंय, तर मत देता येतं. लोकसभा-विधानसभेला केंद्रीय निवडणूक आयोग दर वेळी पर्यायी ओळखपत्रांची यादी जाहीर करतो. २०२४ मध्ये अशी बारा होती: आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, बँकेचं किंवा पोस्टाचं फोटो असलेलं पासबुक, मनरेगाचं जॉब कार्ड, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं, सरकारी किंवा सार्वजनिक कंपनीतल्या नोकरीचं ओळखपत्र, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड आणि आणखी तीन. रेशन कार्ड त्यात नव्हतं. घरी येणारी मतदार चिठ्ठीही २०१९ पासून ओळखपत्र म्हणून चालत नाही. ती फक्त केंद्र आणि अनुक्रमांक सांगते. "चिठ्ठी आहे ना, मग झालं" म्हणत हात हलवत जाणारे दर वेळी परत घरी पाठवावे लागतात.

मतदाराकडून किती पुरावे मागायचे, हा वाद जुना आहे. एक बाजू म्हणते, नियम सैल ठेवले तर मेलेली माणसं मत देतात, एकाची दोन मतं होतात. दुसरी म्हणते, नियम आवळले तर बोगस मतदार बाजूलाच राहतो आणि गरीब, भाडेकरू, नांदायला गेलेली मुलगी, पोटासाठी गाव सोडलेला माणूस यांचीच नावं गळतात. या दोन्ही भीती खऱ्या आहेत. टी. एन. शेषन यांनी १९९३ मध्ये फोटोच्या ओळखपत्राचा आग्रह धरला तो पहिल्या भीतीपोटी. कार्डं दिली नाहीत तर १ जानेवारी १९९५ नंतर निवडणुका घेणार नाही, इथपर्यंत त्यांनी सरकारांना इशारा दिला होता. पुढे पर्यायी कागदपत्रांची सोय झाली ती दुसऱ्या भीतीपोटी. मतदान केंद्राच्या दारापुरता हा तोडगा मला ठीक वाटतो. ओळख पटली पाहिजे, पण ती एकाच कागदाने पटावी असा हट्ट नको.

पण खरी गाळणी केंद्राच्या दारावर बसवलेली नाही. ती कितीतरी आधी, यादीत बसवलेली आहे. म्हणून या लेखातला बराच भाग यादीबद्दल आहे.

नाव सांगायचं कसं

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी यादी तयार झाली तेव्हा उत्तरेकडच्या अनेक प्रांतांत बायकांनी स्वतःचं नाव सांगायला नकार दिला. परक्या माणसाला नाव सांगायची रीत नव्हती. त्यामुळे "अमक्याची बायको", "तमक्याची आई" अशा नोंदी झाल्या. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी हे चालवून घेतलं नाही. मतदार म्हणजे स्वतःचं नाव असलेली व्यक्ती, यावर ते ठाम राहिले. नाव दुरुस्त करून घ्यायला मुदत दिली, तरीही सुमारे २८ लाख बायकांची नावं शेवटी वगळावी लागली. तत्त्व बरोबर होतं आणि तरीही २८ लाख जणी मताला मुकल्या. यादीच्या शुद्धतेची किंमत कुणाला मोजावी लागते, हे आपण पहिल्याच निवडणुकीत पाहिलं आहे.

आपल्याकडे आज त्याच दुखण्याचं रूप वेगळं आहे. मराठी घरात लग्न झालं की मुलीचं मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत अजून पहिलं नावही बदलतात. दहावीच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, पासबुकावर तिसरं. त्यात मराठीतून इंग्रजीत आणि पुन्हा मराठीत आणताना अक्षरं घसरतात. व्होटर कार्ड बहुधा माहेरच्या पत्त्यावरचं असतं. सासरी नोंद करायची राहते, माहेरी "स्थलांतरित" म्हणून नाव निघतं, आणि पाच वर्षांनी ती पर्स उघडून माझ्यासमोर उभी असते.

लग्नानंतर आयुष्यात पहिल्यांदा नाव नोंदवायचं असेल तर नमुना क्रमांक ६ भरावा. पण माहेरी आधीच नाव असेल तर तो भरू नये, नमुना क्रमांक ८ भरावा. याच नमुन्यात पत्ता बदलता येतो, नाव दुरुस्त करता येतं, नवीन कार्ड मागता येतं, दिव्यांग असल्याची नोंदही करता येते. आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर किंवा मोबाईल ॲपवर हे होतं, नाहीतर तुमच्या भागाच्या बीएलओंकडे कागदावर. बीएलओ म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, बहुतेक वेळा जवळच्या शाळेतल्या शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका. त्यांचं नाव आणि फोन नंबर पोर्टलवर मिळतो, १९५० या हेल्पलाइनवरही मिळतो. तो नंबर फोनमध्ये आजच साठवून ठेवा.

सहा आणि आठमधला फरक मी इतका घोळवून सांगते आहे, कारण महाराष्ट्रातल्या "दुबार" नावांपैकी कितीतरी नावं याच घोळातून आली असावीत असं मला वाटतं. घर बदललं, नव्या सोसायटीत कुणीतरी शिबिर भरवलं, तिथे सहा नंबरचा फॉर्म भरला आणि जुनं नाव जुन्या जागी तसंच राहिलं. फसवण्याचा हेतू नसतो. तरी १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १७ आणि १८ कलमांनी दोन ठिकाणी किंवा दोनदा नाव ठेवता येत नाही, आणि ३१व्या कलमाप्रमाणे खोटं प्रतिज्ञापन केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सहा नंबरच्या अर्जावर "माझं नाव अन्यत्र नाही" असं आपण लिहून देत असतो. सही करण्यापूर्वी ते वाक्य वाचा.

"गावाकडचं मत" सोडायला मन होत नाही, हे मला कळतं. ग्रामपंचायतीला एकेका मताची किंमत असते, चुलते फोन करतात, एसटीने जाऊन यायचं असतं. कायदा मात्र विचारतो की तुम्ही सर्वसाधारणपणे राहता कुठे. गावात घर आहे, जमीन आहे, एवढ्याने तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही. तसंच, शिक्षणासाठी किंवा कामासाठी काही काळ बाहेर गेलात म्हणून रहिवास लगेच तुटतही नाही. वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला तर घरचा पत्ता किंवा वसतिगृहाचा, यातला एक निवडता येतो. एकच निवडा आणि दुसरीकडचं नाव स्वतःहून काढून घ्या.

दुबार नावांचा प्रश्न २०२५ मध्ये आपल्याकडे चांगलाच पेटला. १ नोव्हेंबरला विरोधी पक्षांनी मुंबईत मोर्चा काढला. २०२४ च्या विधानसभेच्या आधी काही महिन्यांत लाखो नावं कशी वाढली, हा प्रश्न राहुल गांधींनी त्याच वर्षी लावून धरला होता आणि आयोगाने आरोप फेटाळले होते. राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक निवडणुकांत संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन चांदण्या टाकल्या. ज्यांच्या नावापुढे चांदण्या आल्या त्यांनी कुठे मत देणार हे कळवायचं होतं, आणि न कळवता केंद्रावर गेल्यास दुसरीकडे मत दिलेलं नाही, देणार नाही असं लिहून द्यायचं होतं. मला ही पद्धत आवडली. संशय आला म्हणून नाव कापलं नाही, फक्त खूण केली आणि माणसाला बोलायला जागा ठेवली. एकाच नावाची दोन माणसं महाराष्ट्रात काही कमी नाहीत. यादीत स्वतःच्या नावापुढे अशी खूण दिसली तर घाबरू नका. ती आरोपपत्र नाही. तिथल्या निवडणूक कार्यालयात जाऊन एक जागा सांगा.

यादी वाचायची ती निवडणूक नसताना

पोर्टलवर आपलं नाव टाकून शोधणं आता बरेच जण करतात. ते करा, पण तेवढ्यावर थांबू नका. आपल्या मतदान केंद्राची, म्हणजे यादी भागाची, अख्खी पीडीएफ उतरवून घ्या. साधारण हजार-बाराशे नावं असतात. एका रविवारी दोघा-तिघांनी बसून वाचली की तुमच्या इमारतीतलं, वाड्यातलं, वस्तीतलं कोण आहे आणि कोण नाही हे दिसतं. मृतांची नावं दिसतात. तिसऱ्या मजल्यावरचं बिऱ्हाड दोन वर्षांपूर्वी गेलं तरी यादीत राहिलेलं दिसतं. आणि समोरच्या आजी, ज्या तिथेच जन्मल्या, त्यांचंच नाव नाही हेही दिसतं. शेवटच्या पुरवणी पानांत नव्याने घेतलेली आणि वगळलेली नावं असतात. आधी ती पानं पाहा.

हे कधी करायचं? दर वर्षी साधारण दिवाळीच्या सुमारास प्रारूप यादी निघते आणि दावे-हरकतींसाठी काही आठवडे मिळतात. ती खिडकी वाया घालवू नका. पण नोंदणी वर्षभर चालू असते. पूर्वी वय मोजायला १ जानेवारी हा एकच दिवस होता. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार दिवस आहेत, आणि सतरा पूर्ण झालेल्या मुलामुलींना आगाऊ अर्ज करता येतो. निवडणूक जाहीर झाली तरी उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत नाव घालता येतं, त्यानंतर नाही. पडताळणीला वेळ लागतो, म्हणून त्या दिवसाच्या निदान दहा दिवस आधी तुमचा अर्ज पोचलेला असावा.

महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदेचं गणित वेगळं आहे, आणि इथे तरुण मुलं फसतात. या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तो स्वतःची यादी बनवत नाही. विधानसभेची यादी एका ठरलेल्या तारखेची घेतो आणि प्रभागांत वाटतो. मागच्या स्थानिक निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्यानंतर नोंदवलेल्या मुलाच्या हातात नवंकोरं कार्ड होतं, आणि तरीही जानेवारी २०२६ च्या महापालिका मतदानात त्याला जागा नव्हती. प्रभाग यादीवर हरकत घेता येते ती चुकीच्या प्रभागात नाव गेल्याबद्दल किंवा लेखनिकाच्या चुकीबद्दल. नवीन नाव तिथे घालता येत नाही. म्हणजे महापालिकेसाठीचं काम विधानसभेच्या यादीत, सहा महिने आधीच करून ठेवावं लागतं.

पत्त्याचा पुरावा हा भाडेकरूंचा नेहमीचा अडसर. वीजबिल मालकाच्या नावावर, करार नोंदणीकृत नाही, पीजीमध्ये राहत असाल तर तोही नाही. आधारवरचा पत्ता चालतो, पासबुकावरचा चालतो, नोंदणीकृत भाडेकरार चालतो, आई-वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या अथवा बायकोच्या नावावरचं बिलही चालतं. यातलं काहीच नसेल तरी अर्ज फेटाळायला ते कारण पुरेसं नाही. बीएलओंनी जागेवर येऊन पाहायचं असतं. नोंदणीच्या खिडकीवर "कागद नाही, मग होणार नाही" असं उत्तर मिळालं तर वाद घालू नका. "अर्ज घ्या आणि पोच द्या" एवढंच म्हणा. पोच हातात असली की पुढे अपील करता येतं.

नाव वगळण्याची बाजू जास्त नाजूक आहे. नमुना क्रमांक ७ भरून त्याच मतदारसंघातला कुणीही मतदार दुसऱ्याच्या नावावर हरकत घेऊ शकतो. मृतांची आणि गाव सोडून गेलेल्यांची नावं काढायला ही सोय हवीच, पण तिचा गैरवापरही होऊ शकतो. सोलापूरपासून फार लांब नसलेल्या कर्नाटकातल्या आळंद मतदारसंघात, २०२३ च्या निवडणुकीआधी, नावं वगळण्यासाठी ऑनलाइन ६,०१८ अर्ज आले. जागेवर जाऊन तपासल्यावर त्यातले फक्त २४ बरोबर निघाले. बाकीचे नाकारले गेले आणि पोलिसांत तक्रार झाली. मागे कोण होतं यावर राजकीय भांडण चालू राहिलं. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते एवढंच की कुणीतरी घरोघरी जाऊन विचारलं, म्हणून जवळपास सहा हजार नावं वाचली.

हे विचारणं ही मेहेरबानी नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लाल बाबू हुसेन प्रकरणात सांगितलं आहे की यादीत आधीपासून असलेल्या माणसाचं नाव नोटीस आणि सुनावणीशिवाय काढता येणार नाही, आणि आधी नाव होतं याला काही वजन आहे. ते प्रकरण दिल्लीतल्या आणि मुंबईतल्या वस्त्यांतून आलं होतं. तेव्हा तुमच्या दारावर नोटीस आली तर ती फेकू नका, सांगितलेल्या दिवशी जा. नोटीस न येताच नाव गेलं असेल तर मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे लेखी विचारा की कुठल्या अर्जावर आणि कुठल्या चौकशीवरून काढलं. त्याच्या आदेशावर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि त्यानंतर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील आहे. हे करत असतानाच सहा नंबरचा अर्जही भरून टाका. तत्त्वाचं भांडण चालू राहू द्या, पण तुमचं मत त्यात अडकू देऊ नका.

सखोल पुनरीक्षण आलं तर

२४ जून २०२५ ला आयोगाने बिहारमध्ये विशेष सखोल पुनरीक्षण जाहीर केलं. नेहमीच्या पद्धतीत जुनी यादी पुढे धरून दुरुस्त्या करतात. इथे मात्र प्रत्येकाने नव्याने फॉर्म भरायचा होता, आणि २००३ च्या यादीत ज्यांचं नाव नव्हतं त्यांनी अकरापैकी एखादा पुरावा जोडायचा होता. त्या अकरांत आधार नव्हतं, रेशन कार्ड नव्हतं, आणि आयोगाचंच मतदार ओळखपत्रही नव्हतं. १ ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं गेली. सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्टला ती नावं कारणांसह प्रसिद्ध करायला लावली आणि ८ सप्टेंबरला आधार बारावं कागदपत्र म्हणून घ्यायला सांगितलं, मात्र ओळखीचा पुरावा म्हणून, नागरिकत्वाचा नव्हे. ७.८९ कोटींची यादी शेवटी ७.४२ कोटींवर आली. गेलेल्यांत मृत होते, दुबार होते, कायमचे बाहेर गेलेले होते. पण कारणासह नावं जाहीर करा हे न्यायालयाला सांगावं लागलं, ही गोष्ट मला आजही बोचते. आधी नावं काढायची आणि मग ज्याचं गेलं त्याने ते शोधत फिरायचं, हा भार उलटा आहे.

२७ ऑक्टोबर २०२५ ला हीच मोहीम बारा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांसाठी जाहीर झाली. त्यात गोवा होता, महाराष्ट्र नव्हता. गोव्यातल्या वाचकांना यातून जावं लागलं आहे. इतरांनी आज तयारी केलेली बरी. देशात असं शेवटचं पुनरीक्षण बहुतेक ठिकाणी २००२ ते २००४ च्या दरम्यान झालं होतं, आणि त्या यादीतली तुमची किंवा आई-वडिलांची नोंद हा सगळ्यात सोपा दुवा ठरतो. त्या वेळी तुम्ही कुठे राहत होतात ते आठवा. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर जुनी यादी उपलब्ध असेल तर त्यातलं आपलं पान उतरवून छापून ठेवा. विधानसभा मतदारसंघाचं नाव, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक वहीत लिहा. २००८ च्या पुनर्रचनेत मतदारसंघांच्या हद्दी बदलल्या, त्यामुळे आजच्या नावाने शोधून सापडेलच असं नाही.

त्या याद्यांनंतर लग्न झालेल्या बायकांसाठी हा दुवा माहेरी आहे. सासरच्या यादीत शोधून उपयोग नाही. आई-वडिलांचं नाव ज्या गावच्या यादीत असेल ते पान तुम्हाला लागेल. बिहारच्या नियमांत १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्यांना आई किंवा वडिलांपैकी एकाचा पुरावा लागत होता, आणि २ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्यांना दोघांचा. तेव्हा पुढच्या वेळी माहेरी जाल तेव्हा वडिलांच्या कपाटातल्या त्या जुन्या प्लास्टिकच्या पिशवीत काय काय आहे ते पाहून या. शाळा सोडल्याचा दाखला, जन्मनोंद, जातीचा दाखला यांचे फोटो काढून ठेवा. भावाला सांगा की घर रंगवताना ती पिशवी रद्दीत जाऊ देऊ नकोस.

मतदानाच्या दिवशी

कार्ड किंवा पर्यायी कागद मूळ स्वरूपात न्या. मोबाईलमधल्या डिजिटल प्रतीवर विसंबू नका, कारण मोबाईल आत नेता येत नाही. कार्डावर नावाचं एखादं अक्षर चुकलं असेल तर तेवढ्यावरून परत पाठवता येत नाही, ओळख पटली की पुरे. दुसऱ्या मतदारसंघातलं जुनं कार्डही चालतं, पण या केंद्राच्या यादीत नाव असलं पाहिजे. फोटोच जुळत नसेल तर दुसरा पुरावा मागतील. म्हणून दोन कागद बरोबर ठेवलेले बरे.

बूथ एजंटने "हा तो माणूस नाही" म्हणून आक्षेप घेतला तर त्याला आधी दोन रुपये भरावे लागतात आणि केंद्राध्यक्ष तिथेच चौकशी करतात. आक्षेप सिद्ध झाला नाही तर तुम्ही मत देता. गैरहजर, स्थलांतरित, मृत अशी एक वेगळी यादी केंद्रावर असते. चुकून तुमचं नाव तीत असेल तरी मत जात नाही. ओळख जास्त काटेकोरपणे तपासतील, सहीबरोबर अंगठाही घेतील. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर घरी निघून येऊ नका. "मला प्रदत्त मत द्यायचं आहे" असं म्हणा. टेंडर व्होट म्हणतात ते हेच. ते मशिनवर नसतं, कागदी मतपत्रिकेवर देऊन पाकिटात बंद होतं. नेहमीच्या मोजणीत ते धरत नाहीत, पण निवडणूक न्यायालयात गेली तर तो पुरावा असतो. आणि संध्याकाळची वेळ संपताना रांगेत असाल तर हलू नका. शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटतात, आणि हातात चिठ्ठी आहे तो कितीही वाजले तरी मत देतो.

लोकसभा-विधानसभेला ८५ वर्षांवरच्या आणि चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना घरून मत देता येतं. त्यासाठी नमुना १२-ड अधिसूचनेनंतर पाच दिवसांत भरावा लागतो. बीएलओ तो घरी आणून देतात, पण कधी चुकामूक होते, म्हणून आपणच लक्ष ठेवावं. ज्यांना दिसत नाही त्यांना अठरा वर्षांवरचा सोबती नेता येतो. एका माणसाला त्या दिवशी एकाच मतदाराचा सोबती होता येतं.

परदेशातल्या मराठी माणसांनी भारतीय नागरिकत्व ठेवलं असेल तर नमुना ६-अ भरून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन इथे यावं लागतं. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकांना राष्ट्रकुलातले नागरिक म्हणून तिथल्या निवडणुकांतही मत आहे. २०२३ पासून इंग्लंडमध्ये केंद्रावर फोटोचं ओळखपत्र लागतं, आणि भारतीय पासपोर्ट त्यासाठी चालतो.

सगळ्यात अवघड जागा ऊसतोड कामगारांची आहे. बीड, अहिल्यानगरच्या तांड्यांतून आणि वाड्यांतून टोळ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतात आणि उन्हाळ्यात परततात. २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला होती. टपाली मतदान त्यांना नाही. दूरस्थ मतदानाचं एक यंत्र आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना बोलावून दाखवलं, एका यंत्रावर ७२ मतदारसंघ घेता येतील असं. पक्षांनी आक्षेप घेतले आणि ते तिथेच राहिलं. कायद्याने मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी आहे, रोजंदारीवरच्यांनाही. पण दोनशे किलोमीटरवरून कोयत्याची जोडी गावी येऊन परत जाणार कशी आणि मुकादम ते चालवून घेणार का, याचं उत्तर सुट्टीत नाही. तरी एक करता येतं. सरपंच, शिक्षक, दूध संघाचे सचिव, जे कुणी गावात मागे राहतात, त्यांनी टोळ्या निघण्यापूर्वी, गणपतीच्या सुमारास, यादी वाचून घ्यावी. म्हणजे पडताळणीला दाराला कुलूप दिसलं म्हणून "स्थलांतरित" असा शेरा पडणार नाही. पडलाच, तर हंगामी गेले आहेत असं सांगणारं कुणीतरी गावात असेल.

तुमच्या घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या ताई, सोसायटीचा वॉचमन, कोपऱ्यावर पालात राहणारं कुटुंब यांना एकदा विचारा की यादीत नाव आहे का. ज्यांना घर नाही त्यांनाही मत आहे. सहा नंबरचा अर्ज घेऊन जिथे ते झोपतात ती जागा पत्ता म्हणून लिहायची, पुलाखाली असेल तर पुलाखाली. बीएलओंनी तिथे रात्री, एकाहून अधिक वेळा जाऊन माणूस खरंच तिथे झोपतो का ते पाहायचं असतं, आणि तीच त्यांची पडताळणी. कागद लागत नाही. अर्ज भरून द्याल त्या आठवड्यात रात्री त्यांना जागा हलवायला लागू नये, एवढं पाहा.